वरचं पाणी

डहाणू

डहाणू स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि तात्या थांबले. मान वर करून त्यांनी हवेचा वास घेतला. "मासळी," ते म्हणाले आणि पुन्हा गप्प झाले. सांगोल्याहून निघाल्यापासून त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला धड शब्द होता. त्यामुळे मला तो वाससुद्धा आवडायला लागला.

तात्या म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात त्यांना विहिरीवाले तात्या म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या विहिरी खणण्यात घालवली. आमच्याकडे पाऊस दारातूनच परत जातो, पाणी हवं तर जमिनीत उतरून शोधावं लागतं. पौषात सासूबाई गेल्या आणि तात्यांचं बोलणंही त्यांच्याबरोबर गेलं. आमच्या मेडिकलच्या दुकानासमोर खुर्ची टाकून ते दिवसभर बसायचे. येणारा-जाणारा विचारायचा, "काय तात्या, बरं हाय न्हवं?" तात्या म्हणायचे, "हं." जेवलात का? हं. झोप लागली का? हं. पावसाळा आला तसा कोरडा गेला, तरी त्यांनी आभाळाकडे बघून एक शिवी दिली नाही. तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

माझी फार्मसीची मैत्रीण वैशाली इकडे कासा गावात सरकारी दवाखान्यात औषधं देते. ती मला कित्येक वर्षं बोलावत होती. एकदा तिने फोनवर एक धबधबा पाठवला होता. जंगलातला, उंच, आजूबाजूला माणूस नाही. तो व्हिडिओ मी इतक्या वेळा पाहिला की झोपेतही त्याचा आवाज यायचा. आश्विन लागला, दुकानात जरा सवड झाली आणि मी निघायचं ठरवलं. माझा नवरा सतीश म्हणाला, "मेधा, तात्यांनाही ने की. नुसतं बसून माणूस विरघळून जाईल." तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "हं."

पहिला मुक्काम डहाणूलाच केला, कारण तात्यांनी समुद्र पाहिला नव्हता. संध्याकाळी सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं आणि मागे राहिलेल्या ओल्या वाळूत सगळं आभाळ उतरलेलं. लोक त्या आभाळावरून चालत होते. एक बाई गुलाबी ढगातून डोक्यावर पाटी घेऊन आली आणि आमच्यासमोर येऊन चिकू विकणारी झाली. शेजारच्या कुटुंबाशी ती गुजरातीत बोलली, मागच्या पोरांशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत, आणि तिन्ही भाषांमध्ये चिकू तेवढेच गोड होते. आमच्याकडे चिकू म्हणजे आजाऱ्याला द्यायचं फळ. इथे बागाच्या बागा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्द, आणि त्यांच्या सावलीत दुपारीही थंडावा.

तात्या पार पाण्यापर्यंत चालत गेले. खाली वाकून त्यांनी ओंजळ भरली, जिभेला लावली आणि टाकून दिली. परत येऊन माझ्याजवळ बसले. धोतराला हात पुसत म्हणाले, "एवढं असून उपेग न्हाई."

ते समुद्राबद्दलच बोलत होते की नाही, कोण जाणे.

कासा

डहाणूहून कासाला जाताना चारोटीला महामार्ग लागतो. मुंबई-अहमदाबाद ट्रकांची ती न संपणारी रांग, हॉटेलं, टायरवाले. तिथे चहा घेतला आणि पुढे गेलो, तो चार वळणांत सगळं शांत. दोन्ही बाजूंना भात पिकत आलेला. भातशेती मी चित्रात पाहिली होती, पण पिकणाऱ्या भाताला एक उबदार वास असतो हे चित्रात येत नाही.

वैशाली दवाखान्यातून तशीच बाजारात आली. आठवडी बाजार भरला होता. तिने मला एकेक नवलाई दाखवली: जांभळ्या गराचं कोनफळ, बटाट्याचा रानटी भाऊ शोभेल असे करांदे, हाताएवढ्या लांब काकड्या. त्या काकड्यांमागे एक बाई बसली होती. काटक, चाळिशीची, केसात झेंडूचं फूल.

"ही लखमी," वैशाली म्हणाली. "मी तुला पाठवला होता ना धबधबा, तो हिच्या पाड्याच्या खाली आहे. मला उद्या सुट्टी नाही. ही तुम्हाला नेईल."

लखमीने माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "बाबा चालतील?" तिने मला विचारलं.

"विचार त्यांनाच," मी म्हटलं.

"बाबा, चालाल? वाट चढाची हाय."

तात्यांनी तिच्या काकड्यांमधली एक उचलली, कानाजवळ नेऊन नखाने टिचकी मारली आणि परत ठेवली. "चालीन," ते म्हणाले.

"त्या धबधब्याचं नाव काय गं?" मी विचारलं.

लखमीला प्रश्न नीटसा कळला नसावा. "नाव कसलं? वरचं पानी. आमी वरचं पानीच बोलताव."

वाट

सकाळी लखमीबरोबर उधवा गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. जीप किती भरली होती ते सांगत बसत नाही. एका वळणावर उतरलो. जीप गेली आणि तिचा आवाज विरत विरत संपला, तेव्हा लक्षात आलं की आपण कित्येक महिन्यांत अशी शांतता ऐकलेली नाही.

वाट आधी भाताच्या बांधावरून गेली. दोन्हीकडे पिवळं पीक गुडघ्याच्या वर, त्यात कुठे कुठे वाकलेल्या बाया. त्या उठून उभ्या राहायच्या आणि लखमीला विचारायच्या, "कोन गं?" लखमी हाक मारून सांगायची, "वैशाली मॅडमची पावनी!" आणि वैशालीच्या नावाने आम्हाला पुढची वाट मोकळी व्हायची. मग बांध संपला, एक ओहोळ ओलांडला आणि झाडी सुरू झाली.

आमच्या माळावर झाड दिसलं की माणूस त्याच्याकडे चालत जातो. इथे झाडांतून चालायचं होतं. साग, ऐन, बांबूची बेटं, मधूनच ओळखू न येणारं काहीतरी प्रचंड. उजेड वरून गाळून येत होता आणि तो हिरवाच वाटत होता. माझे हात हिरवे, तात्यांची पांढरी टोपी हिरवी. पावलाखाली पानांचा ओला थर. कोळ्यांची जाळी वाटेवर आडवी ताणलेली, त्यांवर अजून दव. लखमी काठीने ती हळूच बाजूला करायची, तुटू न देता. कुठे तरी एक पक्षी तीच एक शीळ पुन्हा पुन्हा घालत होता, जणू त्याला पुढची ओळ आठवत नव्हती. मी जागी आहे की वैशालीच्या व्हिडिओच्या आत शिरले आहे, असं मला मधेच वाटून जायचं.

एका झाडाखाली शेंदूर लावलेली लाकडी फळी उभी होती. तिच्यावर कोरलेले चंद्र-सूर्य आणि खाली वाघ. लखमीने चप्पल काढून हात जोडले. "वाघदेव," ती म्हणाली. तात्यांनीही टोपी सारखी करून हात जोडले. आमच्याकडे रानात म्हसोबाचा तांदळा असतो, शेंदूर फासलेला नुसता गोटा. दगडाच्या देशात दगडाचा देव आणि लाकडाच्या देशात लाकडाचा. मी विचारलं, "वाघ आहेत का गं अजून?" लखमी हसली. "वाघ नाय आता. देव हाय."

आणि मग माझ्या नव्या कोऱ्या बुटाचा तळ निघाला. चालण्यासाठी म्हणून मुद्दाम पंढरपुरातून आणलेले बूट. तळ जिभेसारखा लोंबायला लागला. मी एका पायावर उभी, लखमी पोट धरून हसतेय, आणि तात्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मी शपथेवर सांगते, हललं. लखमीने कुठल्या तरी झाडाची साल सोलली, तिची दोरी केली आणि बूट असा आवळून बांधला की तो घरी येईपर्यंत सुटला नाही.

वरचं पाणी

आवाज आधी आला. आधी वाटलं वारा आहे. मग वाटलं लांबून मोठा बाजार ऐकू येतोय. मग वाट एका दगडाला वळसा घालून गेली आणि समोर ते होतं.

काळ्या कड्यावरून पाणी खाली येत होतं. घाईत नाही. वरून सुटलेला धागा मधल्या एका पायरीवर आपटून त्याचं कापड व्हायचं, आणि ते कापड वाऱ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे हलत खालच्या डोहात उतरायचं. डोह हिरवा, कडेला पारदर्शक. तुषार आमच्यापर्यंत येत होते. माझ्या पापण्यांवर, ओठांवर. कड्याच्या भेगाभेगांतून नेचे आणि पिवळी फुलं लोंबत होती आणि उन्हाची तिरीप फिरेल तसा त्या तुषारांत इंद्रधनुष्याचा एक तुकडा दिसायचा, पुसायचा, पुन्हा दिसायचा.

तात्या कितीतरी वेळ उभेच होते. मग त्यांनी चपला काढल्या. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा एका दगडावर शेजारी शेजारी ठेवल्या. त्यांवर टोपी ठेवली. डोहात पाय घालून वाकले, ओंजळ भरली आणि प्यायले. पुन्हा भरली, पुन्हा प्यायले.

"हे हितनं कुठं जातंय?" त्यांनी लखमीला विचारलं. पाण्याच्या आवाजामुळे त्यांना ओरडावं लागलं.

"ओहोळाला. ओहोळ नदीला. नदी दर्याला."

"दर्याला!" तात्या म्हणाले. परवाची खारी ओंजळ त्यांना आठवली असावी. "आन कुनी ठिवून घेत न्हाई?"

"ठेवाल कशात, बाबा?" लखमी म्हणाली. "आता बघा किती. होळी झाली का इथं नुसता दगड. मंग आमी लांब झऱ्यावर जाताव, वाटीवाटीनं हंडा भराय."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. एवढ्या पाण्याच्या पायथ्याशी उभी राहून बाई आमच्या सांगोल्याची गोष्ट सांगत होती.

लखमी खेकडे बघायला ओहोळाच्या खालच्या अंगाला गेली. मी एका सपाट, उन्हाने तापलेल्या खडकावर आडवी झाले. पाठ उबदार, तोंडावर गार तुषार. पाण्याच्या आवाजात सगळे आवाज असतात. मला त्यात आमच्या गावची पिठाची गिरणी ऐकू आली, एसटी स्टँड ऐकू आला, मग कुणीतरी भांडी घासत असल्यासारखं वाटलं आणि त्या सासूबाई होत्या. परसात बसून पातेली घासताहेत आणि माझ्याकडे न बघता काहीतरी सांगताहेत. "काय म्हणताय आई?" मी विचारतेय. "पाण्यामुळं ऐकू येत न्हाई." त्या हसल्या आणि पातेलं पालथं घातलं.

मी जागी झाले. ऊन सरकलं होतं. खडकावर माझी सावली नव्हती, आभाळ पांढुरकं झालं होतं. समोर दगडावर तात्यांच्या चपला होत्या, त्यांवर टोपी होती. तात्या नव्हते.

आधी मी नुसती बघत राहिले. चपला. टोपी. पुढे डोह.

"तात्या!" मी ओरडले. धबधब्याने ती हाक माझ्या तोंडासमोरच गिळली. मी पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही. कंबरेपर्यंत गेले, खालचा दगड निसटला, एक घोट नाकात गेला. हिरव्या पाण्यात हात घालून मी चाचपडत होते आणि हाताला फक्त थंडी लागत होती. पुढे डोह एकदम काळा होता. तिथपर्यंत मी जाऊ शकत नव्हते आणि मागेही फिरता येत नव्हतं.

कुणीतरी माझा दंड धरून मला मागे ओढलं. लखमी. तिच्या पदराच्या झोळीत खेकडे वळवळत होते.

"बाबा!" मी म्हटलं आणि चपलांकडे बोट केलं.

तिने चपलांकडे पाहिलं, डोहाकडे पाहिलं. क्षणभर तिचाही चेहरा उतरला. मग ती डोहाच्या कडेने वाकून चालत गेली, ओल्या मातीकडे बघत. कड्याच्या उजव्या अंगाला एक चढण वर गेली होती, झाडांच्या मुळांना धरून चढायची. तिथे ती थांबली.

"बाय, इकडं ये! हे पाय बघ. अनवानी. वर गेलेत."

"तुमचंच कुणी असेल."

"आज आमचा मानूस इथनं नाय आला. चल."

तिने माझी पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढे झाली. मी ती चढण कशी चढले ते मला सांगता येणार नाही. मुळं हातात यायची, माती निसटायची, सालीने बांधलेला बूट दगडावर घसरायचा. शेजारी पाणी कोसळत होतं आणि मी त्याच्या उलट वर जात होते. आभाळात कुठेतरी लांबवर गडगडलं. मी मनात एकच वाक्य घोकत होते: सतीशला काय सांगू.

वर आलो आणि एकदम सगळं सपाट झालं. कड्याच्या टोकावरून काळा खडक दूरवर पसरलेला, त्यावर पातळ पाणी सरकत येतंय, आणि पलीकडे भाताचं एक पिवळं खाचर. मला आधी तात्या दिसले नाहीत. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

ते बोलत होते. "हं" नाही. लांब, न थांबता, आमच्या माणदेशी बोलीत कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत होते. "...उंबराखाली पानी आसतं म्हनत्यात, पर आसा उंबर दिसला म्हंजी लई भुलायचं न्हाई. माझ्याबी कोरड्या गेलेल्या हिरी काय कमी न्हाईत. पर हितं बघ, खडक बघ कसा कुजलाय. ह्यातनं पाझर येतोय..."

एका मोठ्या उंबराखाली, खडकाच्या खोबणीशी, दोन माणसं उकिडवी बसली होती. एकाच्या हातात विळा. दुसरे तात्या, अनवाणी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाणी त्या खोबणीतून गुपचूप बाहेर येत होतं आणि खडकावर पसरत होतं. एवढ्याशातून सुरू होऊन ते खाली कड्यावर जात होतं.

"तात्या," मी म्हटलं आणि तिथेच बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. केसांपासून बुटांपर्यंत भिजलेली, चिखलाने भरलेली. "पानी कुठनं येतंय ते बघाय आलतो," ते म्हणाले.

लखमी त्या दुसऱ्या माणसावर ओरडली. तो तिचा नवरा होता, देवजी. "बाबाला इथं बसवून ठेवलास आन खाली सांगाय नको? बाय पान्यात शिरली होती!" देवजी बिचारा विळा हातात घेऊन उभा राहिला. त्याला खाली कुणी आहे हेच माहीत नव्हतं. तात्यांनी सांगितलंच नव्हतं.

मी काही बोलण्याच्या आत पाऊस आला. परतीचा पाऊस, मोठमोठ्या थेंबांचा. बघता बघता त्या पातळ सरकत्या पाण्याला रंग चढला, ते तांबूस झालं आणि आवाज बदलला. देवजी म्हणाला, "आता खाली नाय जाता येनार. आज घरी चला." आम्ही चौघं खाचराच्या बांधावरून पाड्याकडे पळत सुटलो. तात्या सगळ्यांच्या पुढे.

पाडा

लखमीचं घर कारवीच्या कुडाचं. आत गेलं की शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा, वर कौलांतून चुलीचा धूर संथपणे बाहेर जाणारा. भिंतींवर ती पांढरी चित्रं असतील अशी माझी अपेक्षा होती. शहरात कुठेही भिंत दिसली की काढतात ती. इथली भिंत कोरी होती. विचारलं तर लखमी म्हणाली, "लगनात काढतात. आता कोनाचं लगीन?"

तिने मला तिचं लुगडं दिलं, कोरडं आणि धुराचा वास असलेलं. मग माझ्यासमोर उकडलेले करांदे ठेवले आणि म्हणाली, "खा. कडू लागंल, पन खा." कडू होतेच. पण मी सगळे खाल्ले.

पाऊस जसा आला तसा गेला. संध्याकाळचं ऊन ओल्या भातावर पडलं आणि सगळा पाडा वाफाळायला लागला. घरामागच्या खळ्यावर तात्या एकटे बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. राग आला होता. तो काढायचा होता.

"तात्या, चपला का ठेवून गेलात?"

समोर धुक्याचा एक पट्टा झाडांच्या शेंड्यांवरून वाहत होता.

"वर गेलो तवा काय पानी बघाय गेलो न्हवतो," ते म्हणाले. "त्या कड्याच्या टोकाला जाऊन हुभा राह्यलो. लई वेळ. तुझी आई गेल्यापास्नं सगळं आसं लांबनं दिसतंय मला, मेधा. वाटलं, काय राह्यलंय आता."

मी त्यांच्याकडे वळले.

"मग खाली तू दिसलीस. दगडावर. झोपेत हासत हुतीस. लहान पोरगी झोपती तशी." ते थांबले. "मनात आलं, ही जागी हुईल आन माझ्या चपला बघंल. हिला घरी एकटीला जावं लागंल, एवढ्या लांब. मागं सरलो. आन मागं वळलो तर पाय पान्यात. म्हटलं, कुठनं येतंय हे? तेवढंच बघावं."

मी त्यांचा हात धरला. सून सासऱ्याचा हात धरत नाही, आमच्याकडे तर नाहीच. पहारीने घट्टे पडलेला, दगडासारखा हात. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

"आईच दिसल्या होत्या मला," मी म्हटलं. "झोपेत. भांडी घासत होत्या."

"काय म्हनली?"

"ऐकू आलं नाही."

"तशीच हुती ती," तात्या म्हणाले. "मोठ्यानं बोलायचीच न्हाई." आणि ते रडले. पौषात रडले नव्हते ते आता रडले, खळ्यावर, पाय लांब करून, अगदी आवाज करून. लखमी दारात आली, पाहिलं आणि आत निघून गेली. मी तिथेच बसून राहिले. धुक्याचा पट्टा झाडांमध्ये उतरला आणि नाहीसा झाला.

जेवायला तांदळाची भाकरी, सालासकट उडदाची आमटी आणि खेकड्यांचा रस्सा. तात्यांनी खेकडा हातात धरून सगळीकडून पाहिला, उघडायचा कुठून ते कळेना. देवजीने फोडून दिला. मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. लखमीने बोटाने चाखली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाय गं! हे खाऊन तुमी जगता कशा?" सगळे हसले. जेवता जेवता देवजीने सांगितलं की पाड्याने मिळून एक विहीर खणायला घेतली होती. पाथर लागला आणि सोडून दिली.

तात्यांचा घास हातात राहिला. "कुठं?"

सकाळी निघण्याआधी सगळे तिकडे गेलो. पाड्याच्या खालच्या अंगाला एक खड्डा, पावसाच्या गढूळ पाण्याने अर्धा भरलेला, कडेला गवत. तात्या पोटावर झोपले आणि काठावरून खाली बघत राहिले. पाड्यातल्या चार बाया डोक्यावर हंडे घेऊन थांबल्या. देवजी शेजारी बसला.

"आत्ता काय कळायचं न्हाई," तात्या उठून माती झटकत म्हणाले. "हे आभाळाचं पानी हाय. उन्हाळ्यात आटल्यावर बघाय पायजे. त्या अंगाला मांजऱ्या खडक दिसतोय, मऊ असतो त्यो. तिकडं आडवं गेलं तर... लागंल. न्हाईतर न्हाई लागायचं. माझं काय, मी चुकतो बी."

"मंग या उन्हाळ्यात," देवजी म्हणाला. चहाला या म्हणावं इतक्या सहज.

मी तात्यांकडे बघत होते. पौषापासून या माणसाने उद्याचं नाव घेतलं नव्हतं.

"यीन," तात्या म्हणाले.

सांगोला

आम्ही परत आलो. वैशालीने कासाला आम्हाला गाडीत बसवलं तेव्हा मला हळूच विचारलं, "हे तेच तात्या?" कारण ते पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला खडकांबद्दल सांगत होते. मी तिला खरं काय घडलं ते तेव्हा सांगितलं नाही. सतीशला सांगितलं, दोन दिवसांनी, दुकान बंद केल्यावर. तो बराच वेळ शटरला टेकून उभा राहिला.

सगळं बरं झालं असं नाही. हिवाळ्यात तात्या पुन्हा खुर्चीवर बसून असायचे. पण आता मी दुकानातून मधूनच हाक मारायचे आणि ते "हं" न म्हणता "काय गं?" म्हणायचे. मध्येच कधी ते आईंबद्दल बोलायचे. चैत्रात त्यांनी आपली जुनी पहार लोहाराकडून टोक काढून, पाणी पाजून आणली आणि सतीशने त्यांना डहाणूच्या गाडीत बसवून दिलं. आम्हाला भीती वाटत होती. देवजीने फोनवर सांगितलं, "भिऊ नका दादा. बाबा आमच्याकडं हाय."

वैशाख सरत आला होता. दुपारची वेळ, दुकानात एक गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं, तेवढ्यात लखमीच्या फोनवरून फोन आला. पलीकडे तात्या.

"मेधा, ऐक."

"काय तात्या? बरे आहात ना?"

"गप ऐक की."

त्यांनी फोन कुठेतरी खाली धरला असावा. आधी नुसती घरघर. मग खोलातून एक आवाज आला, बादली पाण्यावर आपटल्याचा, मग ती भरून वर येताना कडेला ठेचकाळल्याचा, आणि एका बाईचं मोठ्याने हसणं. लखमी असावी.

"ऐकलंस?" तात्या म्हणाले.

गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं. मी नुसती मान हलवली, त्यांना दिसणार नव्हतं तरी.